त्यांचे फौजी दोस्त तोडू नको, त्यातल्या एकाला आजच फोन कर

प्रश्न: आक्का, नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मिस्टर मराठा पल्टनमध्ये होते, २२ वर्ष नोकरी करून हवालदार म्हणून दोन वर्षांपूर्वी पेन्शन आले. सुरुवातीला बरं गेलं, मग बोलणं कमी कमी होत गेलं. रात्री झोप नाही, तीन वाजता ओट्यावर बसलेले असतात. लग्नात फटाके वाजले की मळ्यात निघून जातात. पोरावर उगाच चिडतात. कुपवाड्याला असताना त्यांचा जोडीदार गेला, त्याचं नाव घरात कोणी काढायचं नाही. माझ्याशी एक शब्द नाही, पण पल्टनचे तीन दोस्त आहेत, एक चाळीसगावचा, एक साक्रीकडचा, एक बुलढाण्याचा, त्यांच्याशी रात्री बारा बारापर्यंत फोन. महिन्यातून एकदा मोटरसायकल काढून भेटायला जातात, पेट्रोलचा खर्च वेगळा, आणि तिथे बाटली पण असते. सासूबाई म्हणतात ह्या संगतीनेच पोरगा बिघडला, बंद कर हे. मी पण कंटाळली आहे. परवा म्हणाले, मी नसलो तरी पेन्शन तुला चालू राहील, काळजी करू नको. तर आक्का, ही दोस्ती बंद करायला सांगू का?

उत्तर:

पोरी, तू विचारलंय दोस्तीचं, पण मला आधी त्या पेन्शनच्या वाक्याबद्दल बोलायचंय, जे तू पत्राच्या शेवटी असं सहज लिहून टाकलंस. फौजीच्या घरात फॅमिली पेन्शनचा विषय निघतो, कागदपत्रांचा विषय निघतो, त्यात काही नवल नाही, माझ्याही घरात निघतो. पण ज्या माणसाला झोप नाही, जो कोणाशी बोलत नाही, तो एकदम म्हणतो की मी नसलो तरी तुझं चालेल, तेव्हा ते कागदपत्रांचं बोलणं नसतं. कदाचित मी जास्त घाबरतेय, असू दे, जास्त घाबरलेलं परवडलं.

म्हणून आज रात्रीच, पोरं झोपली की त्यांच्याजवळ बस आणि सरळ विचार. घुमवून फिरवून नको. "तुम्ही परवा असं का बोलले? जीव द्यायचा विचार येतो का मनात?" एवढंच. आपल्याकडे लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल. तसं होत नाही, हे डॉक्टर लोकं कित्येक वर्षांपासून सांगताय, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ते चिडतील, "काय वेड्यासारखं बोलते" म्हणतील, चालेल. आणि हो म्हणाले तर रडारड, शपथा, "पोरांचा तरी विचार करा" हे काही नको. ऐकून घे, एकटं सोडू नको, आणि टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लाव, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. अगदीच हाताबाहेर जातंय वाटलं तर ११२, नाहीतर गाडी कर आणि सरळ सिव्हिल गाठ, रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघत बसू नको.

दुसरं, कपाशीच्या फवारणीच्या बाटल्या घरात, गोठ्यात, मोटारीच्या खोलीत जिथे कुठे असतील तिथून उद्याच हलव, दिराच्या घरी कुलपात ठेव, म्हणावं लहान पोरं हात लावताय. पेन्शन आल्यावर बँकेत गार्डची नोकरी लागते म्हणून आपल्याकडचे बरेच फौजी बंदुकीचं लायसन काढून ठेवतात. तुमच्याकडे असेल तर ती पोलीस स्टेशनला किंवा लायसनवाल्या दुकानदाराकडे जमा करता येते, दोस्ताच्या घरी ठेवून देऊ नको, ते कायद्यात बसत नाही. हे काम तुला एकटीला जमणार नाही. त्यांना त्यांच्या बरोबरीच्या माणसानेच सांगावं लागेल की काही दिवस जमा कर, आणि असा माणूस कोण आहे? तेच तिघं, ज्यांना सासूबाई बंद करायला सांगताय.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. नाही, बंद करू नको.

तुला राग येतो तो मला कळतो. मी पण फौजीचीच बायको आहे. आपण इकडे २२ वर्ष सासू सांभाळायची, पोरांचं दप्तर, कपाशीचा भाव, गुरांचं चारापाणी, वर्षातून दोन महिने नवरा बघायचा, आणि तो कायमचा घरी आल्यावर मनातलं सांगणार कोणाला तर साक्रीच्या माणसाला! हे गिळायला कठीणच आहे, त्यात तुझं काही चुकत नाही. पण जरा बघ ते तिघं नेमके कोण आहेत.

फौजेत जवानांची जोडी लावतात, बडी म्हणतात त्याला. एक झोपला तर दुसरा जागा. एकाला पाणी भरायला जायचं तर दुसरा रायफल घेऊन मागे. वर सियाचीनसारख्या ठिकाणी तर हे अजून कडक असतं, बडीने बडीची हातापायाची बोटं बघायची, बर्फाने काळी पडताय का, कारण ज्याची बोटं सुन्न होतात त्याला स्वतःला समजतच नाही. इतक्या उंचीवर मेंदूला सूज येते तेव्हा तो माणूस बरळतो, जेवण नको म्हणतो, एकटाच बसून राहतो, आणि विचारलं तर म्हणतो मी एकदम ओके. त्याच्या "ओके"वर विश्वास ठेवायचा नाही, बडीने जाऊन साहेबाला सांगायचं आणि त्याला खाली उतरवायचं. म्हणजे "माझ्या जोडीदाराचं काहीतरी बिनसलंय" हे त्याच्या आधी ओळखायची ह्या लोकांना सवय लावलेली असते, आणि वर्षानुवर्ष ते तेच करत आलेले असतात. पेन्शनीत ती सवय उतरवून देता येत नाही, युनिफॉर्म देता येतो.

आणि तुझे मिस्टर ज्याचं नाव काढू देत नाहीत तो त्यांचा बडीच होता ना? मला वाटतं होताच. ज्याच्यावर नजर ठेवायचं काम माझं होतं तोच गेला आणि मी इथे मळ्यात बसून चहा पितोय, हे त्यांच्या डोक्यात रोज रात्री तीनला चालू होत असेल. अशा माणसाला आपण म्हणतो "अहो तुमची काय चूक, नशिबाचा खेळ," आणि ते त्याच्या कानावरून जातं, कारण आपण तिथे नव्हतो. चाळीसगाववाला त्या रात्री तिथे असेल, नसेल तर तशाच दुसऱ्या कुठल्या रात्री दुसरीकडे असेल. तो "तुझी चूक नव्हती भो" म्हणतो तेव्हा त्याला वजन असतं.

तुझ्याशी का बोलत नाहीत? कारण घरात ते आणायचंच नाही असं त्यांनी ठरवून ठेवलंय. तुला सांगितलं तर तुलाही ते दिसायला लागेल अशी भीती. दोस्तांना सांगताना ही भीती नाही, त्यांनी आधीच बघितलेलं आहे.

एक गोष्ट बघितलेली सांगते. मागे थंडीत आमच्या मळ्यात ह्यांच्या पल्टनवाल्यांची भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, एकाने बडगीत मिरची लसूण ठेचायला घेतलं, दुसरा कांद्याची पात कापतोय, कळण्याच्या पुऱ्या मी आणि जाऊबाई तळत होतो. त्यातला एक जण नुकताच घरच्यांनी जबरदस्तीने धाडलेला, वर्षभर कोणात मिसळत नव्हता, गप्प. बसायची वेळ झाली तर सगळे रांगेत बसले, आणि शेवटच्या माणसाच्या ताटात पडेपर्यंत एकानेही घास मोडला नाही. ह्या गप्प माणसाने दोन घास खाऊन हात आखडता घेतला. शेजारच्याने काही विचारलं नाही, तब्येत कशी, काय झालं, काही नाही, स्वतःच्या ताटातली पुरी अर्धी मोडली, वर भरीत ठेवलं आणि त्याच्या ताटात टाकून म्हणाला, "खा, हुकूम आहे." आणि तो खायला लागला गं! त्याची बायको सांगत होती घरी चार वेळा वाढून उठून जायचा. मग गोष्टी निघाल्या, कुठल्या तरी पोस्टवर रेशन घेऊन येणाऱ्या खच्चराने सगळ्यांचा गूळ खाऊन टाकला होता, त्यावरून इतके हसले की आमचा कुत्रा भुंकायला लागला, आणि हसता हसताच कोणीतरी त्यांच्यातल्या गेलेल्या एकाचं नाव घेतलं. तेव्हा हा माणूस रडला. कोणी त्याला गप्प केलं नाही, पाठीवर हात पण ठेवला नाही, एकाने फक्त पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मी चुलीपाशी बसून बघत होते. आपल्यासारखीने त्याला दहा वेळा "रडू नका" म्हटलं असतं.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेचे सैनिक व्हिएतनामच्या लढाईतून घरी आले तेव्हा त्यांचीही हीच गत होती, घरच्यांना कळेना, दवाखान्यात समजून घेणारं कोणी नाही. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःच गोल करून बसायला सुरुवात केली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनाही बोलवलं, पण डॉक्टर वर आणि पेशंट खाली असं नाही, सगळे सारखे. ते इतकं कामाला आलं की १९७९ मध्ये तिथल्या सरकारने ठिकठिकाणी माजी सैनिकांसाठी सल्ला केंद्रं काढली, आणि ह्या दुखण्याला पीटीएसडी हे नाव डॉक्टरांच्या अधिकृत पुस्तकात त्यानंतर, १९८० मध्ये आलं. म्हणजे नाव मागून आलं, एकमेकांजवळ बसणं आधी सुरू झालं होतं. आणि आपल्या फौजेनेही हे मान्य केलंय बरं का, पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सैन्यदलासाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्यामुळे "फौजीला असलं काही होत नसतं" असं गावात कोणी म्हटलं तर ऐकून सोडून द्यायचं.

अजून एक, ज्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही. आपल्याकडे चाळीशीतच माणूस पेन्शन येतो. गावात त्याला सगळे मेजर म्हणतात, २६ जानेवारीला शाळेत झेंड्याला बोलवतात, खुर्ची देतात, आणि बाकीचे ३६४ दिवस त्याला काम काय? कापूस कधी विकायचा ते भाऊ ठरवतो, पोराच्या शाळेचं तू ठरवतेस, कारण इतकी वर्ष तुम्हीच ठरवत आले ना, तुमची घडी बसलेली आहे आणि त्यात त्याची जागाच नाही. तिकडे त्याच्या हाताखाली दहा जणं होती. दोस्तांमध्ये तो अजून हवालदार आहे, त्याचं ऐकलं जातं. म्हणून एखादं काम पूर्ण त्याच्यावर टाक, ठिबकचं टाक, पोराच्या अ‍ॅडमिशनचं टाक, आणि मग त्यात बोलू नको, चुकलं तरी. हे मी फुकटचं ज्ञान नाही देत आहे, मला स्वतःला हे फार जड गेलं होतं.

आता बाटलीचं. इथे मी सासूबाईंच्या बाजूने आहे. कॅन्टीनची रम स्वस्त मिळते आणि झोप येत नाही म्हणून दोन पेग हे फौजीच्या घरात औषधासारखं चालतं, पण दारूने येते ती झोप नाही, पहाटे तीनला माणूस अजून वाईट उठतो, आणि डोक्यात काळे विचार असलेल्या माणसाने तर पिऊच नये, पिल्यावर रागाला आणि नको त्या विचाराला ब्रेक राहत नाही. शिवाय सगळीच दोस्ती तारणारी असते असं पण नाही हं. काही ग्रुप नुसते बसायचे असतात, "अरे फौजी आहेस, रडतो काय, भर अजून एक." आणि एक जण खचला तर सोबत दुसरा खचतो, तेही होतं, त्यांच्यातलं कोणी गेलं की बाकीचे कित्येक दिवस सैरभैर असतात. ओळखायचं कसं, तर ते भेटून आल्यावर दुसऱ्या दिवशी कसे असतात ते बघ. आल्यावर दोन घास जास्त खातात, पोराशी नीट बोलतात, रात्री थोडं तरी झोपतात, मग ती भेट त्यांना लागतेय. आल्यावर दोन दिवस तोंड पाडून पडून राहत असतील तर त्या भेटीत फक्त बाटली आहे. तू पत्रात हे लिहिलं नाहीस, पण तुला माहीत असणार.

माझ्या अंदाजाने त्या तिघांत एक जण तरी शहाणा असेल. बारा वाजेपर्यंत फोन कोणाचा चालतो? त्याला तू फोन कर. नवऱ्याच्या मागे चुगली केल्यासारखं वाटेल, वाटू दे. लांबड लावू नको, म्हण, "भाऊ, मी अमुकची बायको बोलतेय. ते रात्रीचे झोपत नाहीत आणि परवा असं असं बोलले. मला भीती वाटतेय. तुम्ही येऊन जा, आणि पिण्याचं ठेवू नका." बस. फौजी माणसाला एवढं पुरतं, त्याला भीती वाटतेय हा शब्द बरोबर ऐकू येतो. तो त्याच दिवशी निघाला नाही तर मला नवल वाटेल. चाळीसगावहून पारोळा काही विलायत नाही.

आमच्या ह्यांच्या ग्रुपवर रात्री नऊला रोल कॉल असतो, फौजेत संध्याकाळी असतो तसा. प्रत्येकाने नुसतं "हाजिर" टाकायचं, दुसरं काही नाही, गुड नाईटची फुलं नाहीत, राजकारण नाही. दहापर्यंत कोणाचं आलं नाही तर जवळच्याने फोन करायचा, उचलला नाही तर जवळच्याने जायचं. मी हसायचे आधी, म्हातारपणी पण हजेरी घेता का म्हणून. मग एकदा तापीकाठच्या एका गावातल्या माणसाचं "हाजिर" आलं नाही, फोन पण उचलेना, तर अमळनेरहून दोघं रात्रीच मोटरसायकलवर गेले. तो मळ्यात मोटारीच्या खोलीत अंधारात बसलेला होता. घरच्यांना वाटत होतं पाणी भरायला गेलाय. त्यांनी काही भाषण दिलं नाही, रात्रभर त्याच्यासोबत बसले, शेकोटी केली, आणि सकाळी एकाने त्याच्या बायकोला सांगितलं की ह्याला आम्ही धुळ्याला घेऊन जातोय. मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे. बायको कित्येक महिने म्हणत होती तर हा जात नव्हता, आणि दोस्ताने "चल, बस गाडीवर" म्हटल्यावर बसला. गोळ्या चालू झाल्या, झोप यायला लागली. अजूनही कधीकधी त्याचं बिनसतं, पण "हाजिर" रोज येतं.

हाच मुद्दा तू धर. दोस्त म्हणजे डॉक्टर नाही, पण डॉक्टरपर्यंत नेणारा तोच. झोप न येणं, आवाजाने दचकणं, चिडचिड, गेलेल्या माणसाचं नावही सहन न होणं ह्याला इलाज आहे, गोळ्या आहेत, बोलून करायचे उपचार आहेत, आणि त्याने लोकं बरी होतात. तुमचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड असेलच, पॉलिक्लिनिकला जाऊन तिथल्या डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की मानसोपचाराकडे रेफर करा, नुसती बीपीची गोळी घेऊन यायचं नाही. त्याला वेळ लागत असेल तर जळगावचं शासकीय मेडिकल कॉलेज आहे, धुळ्याचं हिरे मेडिकल आहे. आणि पेन्शनचं, कार्डचं काही अडलेलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते त्यासाठीच आहे, नवऱ्याने यायलाच पाहिजे असं काही नाही.

सासूबाईंना काय सांगायचं? वाद घालू नको. त्या तिघांना ह्या महिन्यात तुमच्याच मळ्यात जेवायला बोलव आणि पुऱ्या सासूबाईंनाच तळायला लाव. बघू दे त्यांना आपला पोरगा त्या माणसांत कसा हसतो ते. मी सांगितलं म्हणून त्यांना पटणार नाही, डोळ्यांनी बघितलं तर पटेल. आणि घरीच जेवण ठेवलं की बाटलीचा प्रश्न पण आपोआप निम्मा होतो, आईसमोर काढायची कोणाची हिंमत आहे?

शेवटचं, ते तिघं येतील तेव्हा त्यांच्या बायकांनाही घेऊन यायला सांग. एकीचा तरी नंबर घे, विशेष करून त्या बारा वाजेपर्यंत फोनवर असणाऱ्याच्या बायकोचा, कारण ती पण तुझ्यासारखीच चिडून बसलेली असणार. तुझं ज्या गोष्टीवर जाऊबाईशी, बहिणीशी बोलणं होत नाही ते तिच्याशी होईल. आणि ईसीएचएसमध्ये तुझाही इलाज होतो, पत्रावरून तर तूही नीट झोपत नाहीस असं दिसतंय, तीन वाजता ते ओट्यावर असतात हे तुला माहीत आहे म्हणजे तू पण जागीच असतेस ना? डॉक्टरला तुझंही सांग. पेट्रोलचा हिशोब सध्या राहू दे. आधी चाळीसगावला फोन, आज, हे वाचून झालं की लगेच.

– आक्का